अर्धवट पुलावरची रिक्षा

मला सायकलसुद्धा चालवता येत नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण गेल्या भाऊबीजेला मी रिक्षा चालवली, शर्यतीत चालवली, आणि तीही सासूबाईंना मागे बसवून! (रिक्षा टीव्हीवरच्या व्हिडिओ गेममधली होती. सासूबाई मात्र खऱ्या होत्या, आणि त्यांच्या सूचनाही.)

झालं असं की भाऊबीजेला आमचं सगळं घराणं वटार गावी जमतं. तिथे माझ्या नवऱ्याचे, म्हणजे नितीनचे, थोरले भाऊ राहतात. केळीची आणि सोनचाफ्याची वाडी, ऐसपैस घर आणि ओटीवर कॅरम. जेवणं झाली, बडीशेप फिरली की कॅरमची स्पर्धा सुरू होते. स्पर्धा आपली म्हणायची, कारण जिंकतात दर वर्षी भाऊजीच. बोर्ड त्यांचा, स्ट्रायकर त्यांचा, पावडरचा डबासुद्धा त्यांचाच! नेम धरताना ते आधी डोळे मिटतात, मग एक उघडतात, मग टक्! राणी आत. मग सासऱ्यांनी बक्षीस म्हणून ठेवलेला पितळी पेला उंच धरून अंगणाला एक फेरी मारतात. आणि फेरी संपली की हमखास माझ्यासमोर थांबून म्हणतात, "शुभांगी, यंदा बरी खेळलीस हं! एक सोंगटी घेतलीस."

(ती सोंगटी त्यांची होती.)

हे वर्षानुवर्षं ऐकून माझं रक्त आटलं होतं. शेवटी गणपतीत सगळे जमलेले असताना मी जाहीर केलं, "या भाऊबीजेला कॅरम नाही!"

"मग काय, भोंडला?" भाऊजी म्हणाले.

"व्हिडिओ गेम. रिक्षांची शर्यत. टीव्हीवर. जोडी-जोडीने खेळायचं. एकाने चालवायची, दुसऱ्याने रस्ता सांगायचा."

भाऊजी इतके हसले की मोदक घशात अडकला. "अगं, मी रोज पहाटे फुलांचा टेम्पो दादरला नेतो! तू मला शर्यत लावणार? आण बाई, आण तुझी रिक्षा! नियम एकच. जो आधी पोचेल तो जिंकला. कसाही पोचो!"

हे "कसाही पोचो" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की माणिकपूरहून आलेल्या माझ्या नणंदेनेही, वंदनाताईंनीही, मान डोलावून साक्ष दिली.

आता माझा डाव ऐका. मी हा गेम नितीनच्या लॅपटॉपवर आधीच हेरून ठेवला होता. चित्रात पिवळीकाळी रिक्षा, मागे बाजार, मध्ये एक गोड गाय आणि वर लिहिलेलं: अर्ली अ‍ॅक्सेस. अर्ली म्हणजे लवकर, अ‍ॅक्सेस म्हणजे प्रवेश. म्हणजे बाकीच्या जगाला मिळायच्या आधी मला! भाऊजींनी गेमचं तोंड बघायच्या आत माझा दोन महिने सराव झालेला असणार! वर किंमतही कमी. मला वाटलं, एवढी नामी युक्ती आपल्यालाच कशी सुचली?

"शुभा, खाली चौकटीत काय लिहिलंय ते वाचलंस का?" नितीनने विचारलं.

"वाचीन मागाहून. तू आधी घे! संपून जाईल!"

"अगं, ती काय पैठणी आहे संपायला?"

घेतला एकदाचा. विरारला, आमच्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडला, हातात तो बटणांचा कंट्रोलर घेतला (सासूबाई त्याला शेवटपर्यंत रिमोटच म्हणत होत्या) आणि मी रिक्षा सुरू केली.

पहिल्या दिवशी मी थक्क झाले. रस्ता मध्येच खणलेला. विजेचा खांब बरोब्बर रस्त्याच्या मधोमध. एका इमारतीला नुसती पुढची भिंत. खाडीवर पूल, पण कठडा नाही. जागोजागी "काम चालू आहे" अशा पाट्या!

"नितीन, किती अभ्यास केलाय रे यांनी!" मी म्हटलं. "अगदी आपल्याकडचं वाटतंय!"

तेवढ्यात वाहतूक पोलीस दिसला. तो कमरेपर्यंत डांबरात रुतलेला होता आणि तशाच अवस्थेत शिट्टी वाजवत होता. मी रिक्षा थांबवली तर पॅसेंजर आत न बसता टपावर जाऊन बसला. चित्रातली ती गोड गाय आकाशातून सावकाश चालत गेली.

"हे मात्र आपल्याकडचं नाही," नितीन म्हणाला.

मी रिक्षा पुलावर घातली. पूल डोळ्यांना धडधडीत दिसत होता. रिक्षा मात्र त्यातून आरपार, धबक्, खाडीत! पुन्हा घातली. पुन्हा खाडीत! संध्याकाळपर्यंत मी इतक्या वेळा बुडाले की सासूबाईंनी मला आल्याचा चहा करून दिला.

"बिघडलेला माल आहे. परत कर!" मी नितीनला म्हटलं.

"परत करायला मुदत असते. अगदी थोडाच वेळ खेळलेला असेल तर पैसे परत देतात. तू किती वेळ खेळलीस?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "दुपारची भांडी अजून तशीच पडलीत गो."

मग नितीनने ती खालची चौकट मला मोठ्याने वाचून दाखवली. हा गेम अजून पूर्ण झालेला नाही. बनवण्याचं काम चालू आहे. पुढे त्यात बदल होतील, किंवा होणारही नाहीत. तो पूर्ण होईलच असं वचन आम्ही देत नाही. आज जसा आहे तसा आवडत असेल तरच घ्या, नाहीतर थांबा. पूर्ण झाल्यावर किंमत वाढू शकते.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपली बिल्डिंग!"

"कशी काय, आई?"

"अगो, बुकिंग केलं तेव्हा चित्रात पोहायचा तलाव नव्हता का? मी त्यासाठी टॉवेलसुद्धा घेऊन ठेवलेला!"

तर हा असा "लवकर प्रवेश"! म्हणजे घराला दारं-खिडक्या बसायच्या आधीच आत शिरायचं आणि मग पंखा कुठे आहे म्हणून ओरडायचं. पण आता माघार कशी घेणार? भाऊजींना आव्हान देऊन बसले होते! मी पदर खोचला. (पंजाबी ड्रेस होता. पण मनातल्या मनात खोचला.)

रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की सराव. सासूबाई माझ्या जोडीदार. त्या सोफ्यावर माझ्या पाठीमागे बसत आणि खऱ्या रिक्षात द्यायच्या त्याच सूचना देत. "बाजूने घे गो! म्हातारी आहे पुढे!" "हळू! खड्डा!" "एवढा कसला वेग? पोरंबाळं आहेत आपल्याला!" पॅसेंजर टपावर बसला की त्यांचा जीव खालीवर होई. "आत बस रे बाबा, पडशील!" असं त्या टीव्हीला कळवळून सांगत.

हळूहळू माझा हात बसला. पैसे जमवून (गेममधले!) मी माझ्या रिक्षाला लाल पडदे घेतले, आरशाला झेंडूची माळ घेतली, तीन सुरांचा हॉर्न घेतला. सासूबाईंनी तिचं नाव सोनी ठेवलं. पूल सोडला तर सोनी सगळीकडे वाऱ्यासारखी पळत होती.

आणि एके दिवशी पुलाचंही जमलं. कसं, ते सांगायला लाज वाटते. मी पुलासमोर चुकून भलतंच बटण दाबलं, रिक्षा गर्रकन फिरली आणि उलटी, पाठमोरी पुलावर चढली. मी डोळे मिटून घेतले. धबक् झालंच नाही! उघडून बघते तर सोनी उलट्या चालीने अख्खा पूल ओलांडून पलीकडे उभी!

"उलटी नाही पडली गो!" सासूबाई टाळ्या वाजवत उठल्या. आम्ही दोघींनी ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही. नितीनलासुद्धा नाही. (त्याच्या पोटात काही राहत नाही. विशेषतः भाऊजींचा फोन आला की.)

मग दिवाळीच्या तोंडावर घात झाला. एका संध्याकाळी गेम सुरू केला तर सोनी गायब! पडदे नाहीत, माळ नाही, हॉर्न नाही. नुसती बोडकी रिक्षा. वर सूचना झळकत होती: नवी आवृत्ती आली आहे, जुनी प्रगती तिच्यात चालणार नाही, क्षमस्व.

"चोरली कुणी?" सासूबाईंचा आवाज कातर झाला.

"पुसली गेली, आई. अर्धवट गेममध्ये असं होतं. तेही लिहिलेलं होतं त्या चौकटीत," नितीन म्हणाला.

मी संतापून गेम बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. रुतलेला पोलीस, टपावरचा पॅसेंजर, आकाशातली गाय, सगळं लिहिलं. (पुलाचं तेवढं गाळलं. मी काही वेडी नाही.) त्यांचं लगेच उत्तर आलं. ते चौघंच मित्र होते, एका खोलीत बसून गेम बनवत होते. लिहिलं होतं, "मनापासून आभार! तुमच्यासारखे खेळणारे चुका दाखवतात म्हणूनच आमचा गेम घडतोय. आणखी कळवत राहा!"

सासूबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे पैसे आपणच द्यायचे आणि काम पण आपणच करायचं?"

"हो."

"मग आपली सोनी परत द्या म्हणावं."

सोनी परत आली नाही. भाऊबीज मात्र आली.

वटारला ओटीवर सगळी बैठक सजली होती. टीव्ही मधल्या खोलीतून बाहेर आणला होता. भाऊजी आणि मीनाताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, ही एक जोडी. वंदनाताई आणि त्यांचे यजमान दुसरी. मी आणि सासूबाई तिसरी. नितीन पंच. भाऊजींनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बोटं मोडली आणि कंट्रोलर असा धरला की जणू समोर दादरचा पूल आहे.

नितीनने लॅपटॉप वाडीतल्या वायफायला जोडला आणि टीव्हीवर पट्टी आली: नवी आवृत्ती उतरवत आहोत. कृपया थांबा.

आता हे काय बदलणार? पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मीनाताईंनी करंज्या फिरवल्या. पट्टी सरकत होती. चहा झाला. भाऊजी म्हणाले, "शुभांगी, तुझी रिक्षा गॅरेजमध्ये असेल तर कॅरम काढू का?"

आणि गेम सुरू झाला. टीव्हीचे तीन तुकडे झाले, तिन्हींत एकेक रिक्षा. नितीनने "पुलापलीकडच्या देवळापर्यंत! सुटा!" म्हटलं.

मी ब्रेक दाबला. पॅऽऽम! हॉर्न वाजला. हॉर्न दाबला. रिक्षा जागेवर गच्च थांबली! नव्या आवृत्तीत बटणांची अदलाबदल झाली होती. दोन महिन्यांची बोटांची सवय, सगळी पाण्यात! मी वळणावर ब्रेक मारायला जाई आणि भिंतीला हॉर्न देई. गिऱ्हाईक दिसलं की हॉर्न द्यायला जाई आणि मागची सगळी वाहनं माझ्यावर येऊन आदळत.

"काय गो करतेस? झोपलीस काय?" सासूबाई ओरडल्या.

"आई, ब्रेक लागत नाहीये!"

"मग आधी हॉर्न दे!"

"तोच तर लागतोय!"

वंदनाताईंची रिक्षा पहिल्याच वळणावर एका दुकानाच्या भिंतीत शिरली आणि तिथेच राहिली. बाहेर फक्त मागचं चाक दिसत होतं. "आम्ही कुठे आहोत?" वंदनाताई विचारत होत्या. "दुकानात," त्यांचे यजमान शांतपणे म्हणाले, "आता आलोच आहोत तर काही घ्यायचंय का?"

भाऊजी मात्र सुसाट! टेम्पोचा हात तो! गाय आली, चुकवली. खड्डा आला, चुकवला. टपावरच्या पॅसेंजरसकट ते पुलापाशी पोचले तेव्हा मी अजून बाजारात भाजीवाल्यांना ठोकत होते. त्यांनी माझ्याकडे वळून एक डोळा मिटला, तोच कॅरमवाला, आणि पुलावर रिक्षा घातली.

धबक्!

"हे काय?" भाऊजी दचकले. गेमने त्यांना पुन्हा पुलाच्या तोंडाशी आणून ठेवलं. त्यांनी पुन्हा घातली. धबक्! "अरे, पूल आहे ना समोर? दिसतोय ना?"

"दिसतोय, दादा," पंच म्हणाले, "पण अजून झालेला नाही."

"मग दाखवतात कशाला?" धबक्! "वेग कमी पडतोय!" धबक्! "कडेने घेऊन बघा हो!" मीनाताई. धबक्!

तेवढ्यात मी रखडत, हॉर्न वाजवत, पुलाशी पोचले. सासूबाईंनी माझा खांदा घट्ट धरला. "शुभा. उलटी."

"आई, नवीन आवृत्ती आहे! तेही बदललं असेल तर?"

"बुडालो तर बुडालो. तो काय कोरडा आहे?"

मी रिक्षा फिरवली. अख्खी ओटी ओरडली, "अगं उलटी! उलटी चालली!" उलट चालवताना डावं ते उजवं होतं, हे आमच्या सरावात पाठ झालं होतं, पण आता भीतीने सगळं विसरले. सासूबाई मागून सांगत होत्या, "डावीकडे! माझ्या डावीकडे! अगो, तुझी ती माझीच डावी!" मागचं चाक पुलावर चढलं. पूल धरून राहिला! आम्ही इंचाइंचाने मागे मागे, म्हणजे खरं तर पुढे पुढे, निघालो. शेजारच्या चौकोनात भाऊजी एकदा खाडीत पडले. आम्ही मधोमध पोचलो. ते आणखी एकदा पडले. सासूबाईंनी जाता जाता टीव्हीतल्या त्यांच्या रिक्षाला हात केला.

आणि आम्ही पलीकडे! देवळाची कमान आली, आम्ही पाठमोऱ्याच तिच्यातून आत शिरलो, आणि आता फटाके उडणार, नाव झळकणार म्हणून मी हात वर केले...

टीव्हीवर नवीच पाटी आली: "या भागाचं काम बाकी आहे."

बस्स. फटाके नाहीत, विजेता नाही, काही नाही!

"हां!" भाऊजी ताडकन उठले. "जिंकली असं कुठे म्हटलंय त्याने? आणि उलटी रिक्षा? हा काय प्रकार आहे?"

माझा चेहरा उतरला. पण सासूबाई उभ्या राहिल्या. "तूच म्हणालेलास ना, जो आधी पोचेल तो जिंकला? कसाही पोचो?"

"म्हणालो. पण..."

"ती कुठे आहे?"

"देवळात."

"तू कुठे आहेस?"

भाऊजींनी टीव्हीकडे बघितलं. त्यांच्या रिक्षाचं फक्त टप पाण्यावर दिसत होतं आणि त्यावर तो पॅसेंजर निवांत बसला होता. "...खाडीत," ते म्हणाले, आणि मग स्वतःच एवढ्याने हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं. आत जाऊन पितळी पेला घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. "घे बाई! मानलं तुला!"

काय सांगू तुम्हाला! मी पेला डोक्यावर धरून अंगणाला फेरी मारली. मग सासूबाईंनी मारली. मग आम्ही दोघींनी मिळून मारली. भाऊजींसमोर थांबून मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "यंदा बरे खेळलात हं भाऊजी! चांगले ओले झालात."

पण त्यांचं लक्षच कुठे होतं? पुन्हा कंट्रोलर घेऊन बसले होते. "मला पण घेऊन दे रे हा गेम," नितीनला म्हणाले.

मी लगेच जाणकाराच्या थाटात बजावलं, "भाऊजी, नीट ऐका. तो अपुरा आहे. पूर्ण होईलच असं नाही. तुम्ही जमवलेलं एका दिवशी पुसलं जाईल. बटणं बदलतील. पुढे काय काय येणार आहे ते ऐकून घेऊ नका, आज जसा आहे तसा आवडला तरच घ्या!"

"असाच तर आवडलाय!" भाऊजी खाडीत पडत म्हणाले. "त्या पोरांना कळव, पूर्ण करू नका म्हणावं!"

एवढ्यात मीनाताई आल्या आणि त्यांनी मला अशी कडकडून मिठी मारली की पेला दाबला गेला. मला भरून आलं. नवरा हरला तरी धाकट्या जावेचं एवढं कौतुक!

"सुटले गं बाई!" त्या माझ्या कानात म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? जो जिंकेल त्याच्या घरी पुढची भाऊबीज! मामंजींचाच नियम तो. तू लग्न होऊन यायच्या आधीपासूनचा. हे दर वर्षी जिंकायचे आणि मी दर वर्षी सगळ्या घराण्याचं रांधायचे!"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या करंजी खात होत्या.

"आई! तुम्हाला माहीत होतं?"

"तू विचारलंस कुठे?" त्या प्रसन्न हसल्या. "माझ्या पोरांची पंगत माझ्या डोळ्यांदेखत आपल्या घरी बसावी, असं वाटतं गो कधीतरी."

आता यावर काय बोलणार? निघताना मीनाताईंनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं माझ्या स्वाधीन केलं. ते एवढं मोठं होतं की विरारला जायच्या रिक्षात मी ते मांडीवर घेतलं तेव्हा माझे फक्त डोळे बाहेर राहिले. पातेल्यात पेला ठेवला होता. तो प्रत्येक खड्ड्याला टणत्कार करत होता.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि आदराने विचारलं, "ताई, केटरिंगचं काम करता काय?"

मी पातेल्याआडून विजयी स्वरात म्हटलं, "पुढच्या दिवाळीपासून!"